डावी पाकळी

आमच्या घराला कौलाचा मान होता. होता म्हणतेय, कारण तो गेला, आणि कसा गेला तेच सांगायला बसलेय. मला फिरवून फिरवून सांगता येत नाही. माझं माहेर ओवे गाव, मी ओव्याची. आमच्याकडच्या बायका कालवणात मिरची जपून घालत नाहीत आणि बोलताना शब्दही जपून वापरत नाहीत.

लग्न होऊन आले तेव्हा हे गाव पनवेलच्या बाहेर होतं. आता पनवेलच गावाच्या अंगावर आलंय. चारी बाजूंनी टॉवर आणि मधोमध आमची गावदेवी. शेंदराने माखलेला कमरेएवढा दगड, चांदीचे डोळे, वर संगमरवरी देऊळ. कुणाची सोयरीक जुळवायची असो, बोअरिंग कुठे मारायची ते ठरवायचं असो, कुणाचं दुखणं हटत नसो, गाव देवीकडे येऊन कौल मागतं. टॉवरमधल्या लोकांना कौल म्हणजे काय ते ठाऊक नसतं, म्हणून सांगते. जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. पाकळ्या लावायचा मान फक्त भोईरांचा. आजेसासऱ्यांनी लावल्या, सासऱ्यांनी लावल्या, आणि पुढे तीस वर्षं माझ्या नवऱ्याने, काशीराम भोईरांनी.

त्या मानाचा मला किती गर्व होता ते विचारू नका. चैत्रातल्या जत्रेत देवीची पहिली ओटी माझी. हळदीला गेले की बायका सरकून मला पुढे जागा करायच्या. ओव्याला माहेरी गेले की भाऊसुद्धा माझ्याशी जरा बेतानं बोलायचे, कारण मी देवीच्या घरातली.

आणि एकदा तर देवीनं थेट माझं ऐकलं होतं. त्याला आता एकवीस वर्षं झाली. आमच्या मागच्या आळीत सुमती राहते. तेव्हा ती बावीसची होती. गव्हाळ, उंच, कामाला वाघीण. माझ्या धाकट्या भावासाठी, भावेशसाठी, मी तिला मनात धरून ठेवली होती. पण तिच्या घरच्यांनी शिरढोणचं एक स्थळ आणलं आणि कौल मागायचं ठरवलं. मी पंधरा दिवस ह्यांचं डोकं खाल्लं. शिरढोणची माणसं अशी आणि तशी, पोरगी ओव्याला दिली तर डोळ्यांसमोर राहील, सुखात राहील. देवीलाही साकडं घातलं. कौल लावला आणि डावी पाकळी पडली. मी देवीला हिरवी साडी नेसवली.

पुढे सुमतीने भावेशलाही नाही म्हटलं. मग आलेल्या सगळ्यांनाच नाही म्हटलं. लग्न केलंच नाही तिने. अंगणवाडीत लागली, आज गावातली अर्धी पोरं तिच्या हाताखालून गेलीत. माझ्या भावाला नाही म्हणते म्हणजे काय, या रागात मी तिच्याशी सहा महिने बोलले नव्हते. हेही सांगून टाकते.

तर दोन वर्षांपूर्वी आमचे हे न्हावा-शेव्याच्या बंदरातून रिटायर झाले. सगळी नोकरी क्रेनवर. घरी बसले आणि बीपी वाढलं. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली आणि म्हणाल्या, रोज सकाळी वीस मिनिटं डोळे मिटून नुसतं बसा. मनात येईल ते बघा, त्याच्याशी भांडू नका. मी म्हटलं, बाई, ह्यांना काहीतरी वेगळं सांगा, नुसतं बसण्यात हे आधीच पटाईत आहेत.

पहिले आठ दिवस हे बसल्या बसल्या घोरले. नवव्या दिवशी डोळे उघडले ते ओले.

"काय झालं?"

"काय नाय. डोळ्यात कचरा गेला."

मिटलेल्या डोळ्यात कचरा कुठून जाणार? पण माझं दूध उतू चाललं होतं, मी आत पळाले. तेव्हाच विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर ह्यांनी बसायचं सोडलं नाही, उलट वाढवलं. वीस मिनिटांचा पाऊण तास झाला. मग एक दिवस पनवेलच्या वाचनालयात नाव घालून आले. जन्मात ज्या माणसाने पेपरातलं शर्यतींचं पान सोडून काही वाचलं नाही, तो प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तकं घेऊन यायला लागला. संतांची, बुद्धाची, सुफी फकिरांची, एक तर देवच नाही म्हणणाऱ्या कुणाचं. मी म्हटलं, एकावर तरी टिका. तर म्हणाले, "एकाच डॉक्टरचं ऐकून आपन कवा ऑपरेशन केलंय?"

वाचनालयातच त्यांना मुल्ला मास्तर भेटले. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, सत्तरीचे, अंगाने काडी. दोघांना एकाच दिवशी एकच पुस्तक हवं होतं. कपाटाजवळ दोघेही ते धरून उभे. शेवटी दोघांनी मिळून वाचायचं ठरवलं, आणि वडाळे तळ्याच्या काठच्या बाकावर रोज संध्याकाळी शाळा भरायला लागली. गावात कुजबुज झाली की काशीराम बाटला. माझ्या एका जावेने तोंडावर विचारलं. मी म्हटलं, "तुझा नवरा रोज संध्याकाळी कुठं बसतो ते मी विचारलं का कवा?" पुन्हा तिने विषय काढला नाही.

मुल्ला मास्तरांचा एक कायदा होता. ते एकदा आमच्याकडे चहाला आले तेव्हा मी स्वतः ऐकला. "भाभी, आमच्याकडे बहस करायची असेल तर आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं. इतकं साफ, की तो म्हणाला पाहिजे, हां, हेच. तोवर बहस हराम. पुस्तक वाचतानाही तेच. लिहिणारा समोर बसलाय असं समजायचं."

हा कायदा तळ्याकाठी राहिला असता तर माझी ना नव्हती. तो माझ्या स्वयंपाकघरात आला. एक दिवस सुकट आणायला सांगितली होती, हे रिकाम्या हाताने आले. मी सुरू झाले. पूर्वी मी सुरू झाले की ह्यांची पहिली शिवी यायची, मग ताट आपटायचं, मग मी दोन दिवस अबोला धरायची, असा आमचा तीस वर्षांचा शिरस्ता. त्या दिवशी हे मुकाट्याने पाटावर बसले आणि म्हणाले, "म्हंजे तुझं म्हणनं असं, मालू, की मला घरापेक्षा मास्तर जवळचा झालाय, आनि तू दिवसभर एकटी पडतेस. असंच ना?"

मी लाटणं हातात धरून उभी. मी सुकटीबद्दल बोलत होते. पण बोलत होते ते हेच.

"हां," मी म्हटलं, "हेच." आणि मला रडूच आलं. दुसऱ्या दिवसापासून तळ्यावर जाण्याआधी हे अर्धा तास माझ्याजवळ बसायला लागले. काही बोलायचं नाही, नुसतं लसूण सोलायला. माझा माणूस बदलत होता, आणि मी ते चार बायकांत मिरवायला लागले. माझा नवरा आता शिवी देत नाही, माझा नवरा पुस्तकं वाचतो, माझा नवरा मुल्ला मास्तरांशी वाद घालतो आणि मास्तर कधी कधी हरतात. बायका हसायच्या. हसू देत.

या वर्षी हे साठीला आले. आमच्या घराची रीत अशी की साठावं लागलं की चैत्राच्या जत्रेत, सगळ्या गावासमोर, बापाने आपल्या हातातलं चांदीचं कडं काढून थोरल्या मुलाच्या हातात घालायचं. तिथून पुढे कौल मुलाने लावायचा. आमचा हितेश सत्तावीसचा, विमानतळाच्या कामावर नोकरीला. पोरगा खुशीत होता. मी त्याहून. ओव्याचे चारही भाऊ बायकामुलांसह बोलावले. नवी साडी घेतली, तिच्यावरचा ब्लाऊज दोनदा उसवून घेतला.

जत्रेला चार दिवस होते. दुपारी आम्ही तिघं जेवत होतो. हितेश म्हणाला, "बाबा, ती हाताची गोष्ट कवा सांगनार?"

"कसली हाताची गोष्ट?" मी विचारलं.

"आजोबा म्हनायचे ना. कडं घालायच्या आधी बाप पोराला हाताची एक गोष्ट सांगतो. तिसऱ्या कुनाला सांगायची नाय."

ह्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. हात धुतले. परसातून एक जास्वंद तोडून आणली आणि भिंतीला उभा करून ठेवलेला दगडी पाटा ओढून पुढे घेतला. हितेशला म्हणाले, "तिसरी पन बघू दे. लई वर्षं दोघांतच राहिली."

दोन पाकळ्या तोडल्या. एकीची देठाकडची बाजू अंगठ्याने हलकेच चोळली. जास्वंदीला चीक सुटतो, पातळ, बुळबुळीत. मग दोन्ही पाण्यात बुडवून पाट्यावर लावल्या. "उजवी पडेल," हे म्हणाले. आम्ही बघत राहिलो. कालवण गार झालं. उजवी पडली. दुसऱ्या दोन लावल्या. "आता डावी." डावी पडली.

"चोळलेली चिकटून राहते. नुसती पान्यानं लावलेली सुकली की पडते. एवढीच गोष्ट हाय," हे म्हणाले.

मला आधी काही कळेना. मग एकदम कळलं आणि डोक्यात आग गेली. "तीस वर्षं? तीस वर्षं तुमी अंगठा फिरवलात?"

"प्रत्येक वेळी नाय. पुष्कळ कौल मी देवीवर सोडले. पन जिथं वाटलं की गावाचं भलं कशात हाय ते मला जास्त कळतं, तिथं फिरवला. बाबांनी तसंच शिकवलं. पाप करतोय असं कवा वाटलंच नाय. उलट वाटायचं, केवढा मोठा माणूस मी, सगळ्यांचं भलं करतो आनि नाव देवीचं करतो."

"मग आताच काय झालं?"

"डोळे मिटून बसायला लागलो ना. नवव्या दिवशी पाकळी दिसली. तवापासून रोज दिसते. सुमतीची."

हिरवी साडी आठवली मला. "तो नकार देवीनं दिला होता. माझं ऐकून."

"देवीनं नाय, मालू. तुझं मी ऐकलं."

त्यांच्या आवाजात माझ्यावर ठपका नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी तिन्हीसांजेपर्यंत भांडले. आधी म्हटलं, पोराला शिकवा आणि तोंड बंद ठेवा. मग म्हटलं, शिकवू नका, पण कडं तरी घाला, तो प्रामाणिकपणे लावेल, कुणाला काय कळणार आहे? मग म्हटलं, माझे भाऊ येणारेत. हे सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे तुझं म्हणनं असं, मालू, की..."

"नाय," मी ओरडले. "बोलू नका. अजिबात बोलू नका."

ते वाक्य मी त्यांना पुरं करू दिलं नाही, कारण पुढे काय येणार ते मला माहीत होतं. मला देवीची पर्वा नव्हती, गावाची नव्हती, हितेशची तर नव्हतीच. हळदीच्या मांडवात बायका सरकून करतात ती जागा जाईल, याची मला भीती होती. आणि सुमतीच्या समोर कुठल्या तोंडाने उभी राहू, याची.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः रिक्षा करून मुल्ला मास्तरांकडे गेले. म्हटलं, तुम्ही सांगितलंत तर हे ऐकतील. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "भाभी, त्यानेही मला विचारलं होतं, सांगू का नको. मी म्हटलं, लोकांना तीस वर्षं तू जवाब देत आलास. आता तुझा जवाब मी देऊ? मग फरक काय राहिला?" चहा पाजून त्यांनी मला रिक्षात बसवून दिलं.

हितेशला विचारलं, तुला काय वाटतं. तो मोबाईलवरून नजर न हलवता म्हणाला, "आई, ते कडं मला घट्टच होत होतं." हसायचा प्रयत्न करत होता पोरगा. त्याचंही काही जाणारच होतं.

जत्रेच्या आदल्या सकाळी ह्यांनी मला एवढंच सांगितलं, "सुमतीचं बोलेन. तुझं नाव येनार नाय."

जत्रा भरली. देवळापुढे मांडव, मांडवात सगळं गाव. पुढच्या खुर्च्यांवर माझे भाऊ, भावेश आणि त्याची बायको सगळ्यात कडेला. बायकांमध्ये चौथ्या ओळीत सुमती, अंगणवाडीची पाच-सहा पोरं तिला चिकटून. गावाचे पंच जगनकाका, पंच्याहत्तरीचे, माईकवरून म्हणाले, "काशीराम, कडं काढ."

ह्यांनी कडं काढलं, पण हितेशच्या हातात घातलं नाही. देवीच्या पायाशी ठेवलं. मग जास्वंद घेतली आणि पाट्यावर आम्हाला दाखवलं होतं ते सगळ्या गावाला दाखवलं, देवीच्या अंगावर नाही, देवळाच्या उंबऱ्याच्या दगडावर. आधीच सांगितलं कुठली पडेल, आणि तीच पडली.

"देवी खोटी नाय," हे म्हणाले. "मधला मी खोटा. तिला काय म्हनायचं होतं ते मी पुष्कळदा म्हनू दिलं नाय. म्हनून हे कडं मी माझ्या पोराच्या हातात घालनार नाय."

मग जो गलका झाला तो झाला. कुणी पुढे धावलं, कुणी शिव्या दिल्या. जगनकाकांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि स्वतः उभे राहिले. "काशीराम, तुझ्या कौलावर आमी पोरी दिल्या. घरं बांधली. आता म्हनतोस सगळं हाताचं होतं. मग आमी काय समजायचं? कोनाचा संसार खरा आनि कोनाचा खोटा? तुझं मन मोकळं झालं, आमचं काय?"

जुने काशीराम असते तर इथे हमरीतुमरी झाली असती. हे म्हणाले, "जगनकाका, तुमचं म्हणनं असं, की गाव ज्या भरवशावर उभं हाय तो मी एका सकाळी काढून नेतोय. माझं मन हलकं करायला मी गावावर ओझं टाकतोय. आनि हे मी आधी तुमच्याशी तरी बोलायला पायजे होतं. बरोबर?"

जगनकाका हळूच म्हणाले, "हां. हेच."

"ते खरं हाय, काका. त्याला माझ्याकडं उत्तर नाय."

म्हातारा आवाज न चढवता खाली बसला. या माणसाने स्वतःची बाजू मांडायची सोडून समोरच्याची बाजू मांडली, आणि ती समोरच्याहून चांगली मांडली. मला वाटलं उभं राहून सगळ्यांना सांगावं, हा माझा नवरा आहे. पण सांगावं लागलं ते वेगळंच.

चौथ्या ओळीतून सुमती उठली. "काशीदादा, माझा कौल?"

"तुझी उजवी पाकळी मी चोळली होती, सुमती. डावी मी पाडली."

"का?"

हे थांबले. मला माहीत होतं ते का थांबले. "माझ्या मनात आलं म्हनून," ते म्हणाले. आयुष्यभर मानासाठी खोटं वागलेला माणूस सगळं सोडून उभा होता, आणि आता माझ्यासाठी पुन्हा एक खोटं बोलत होता.

मी उठले. नव्या साडीचा पदर खुर्चीत अडकला, तो ओढून काढला. "त्यांच्या मनात नव्हतं," मी म्हटलं. "माझ्या मनात होतं. मला सुमती माझ्या भावासाठी पायजे होती. पंधरा दिवस मी ह्यांचा जीव खाल्ला. ह्यांच्या अंगठ्यामागं मी होते." भावेशच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. भावेशने जमिनीकडे. माझ्या थोरल्या भावाने कपाळाला हात लावला. मी पाहिलं सगळं, आणि खाली बसले नाही.

सुमती पुढे आली. तिने तबकातली जास्वंद उचलली, दोन पाकळ्या तोडल्या, पाण्यात बुडवल्या आणि सरळ गाभाऱ्यात जाऊन देवीच्या खांद्यांवर लावल्या. भोईरांच्या पुरुषांशिवाय त्या खांद्यांना आजवर कुणी हात लावला नव्हता. तिला कुणीही अडवलं नाही. हात जोडून ती उभी राहिली, आणि आम्ही सगळे त्या दोन लाल ठिपक्यांकडे बघत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. एकही पाकळी पडली नव्हती, तोच तिने दोन्ही स्वतःच्या हाताने काढल्या आणि देवीच्या पायाशी, कड्याशेजारी ठेवल्या.

"मला पडायची वाट नाय बघायची," ती वळून म्हणाली. "माझं उत्तर मला तवाच माहीत होतं. मला त्या शिरढोणच्या मुलाशीच लग्न करायचं होतं. तुमी सगळ्यांनी देवीला विचारलं. मला कोनी विचारलंच नाय."

पोरांचे हात धरून ती मांडवातून निघून गेली.

त्या दिवशी जत्रेत गोंधळ झाला, जेवणं उशिरा झाली, आणि माझे भाऊ न जेवता गेले. पुढे गावकीने ठरवलं की ज्याचा प्रश्न त्याने पाकळी लावावी, बाई असो की पुरुष. कडं देवीच्या पेटीत गेलं. हळदीच्या मांडवात आता मला कुणी सरकून जागा देत नाही. परवा एका हळदीत मी अर्धा तास उभी होते, मग माझी मीच एकीला म्हटलं, "जरा सरक गं." ती सरकली. तेवढ्यात काही बिघडत नाही, हे मला साठीच्या जवळ येऊन कळलं.

जत्रेनंतर आठव्या दिवशी मी अंगणवाडीत गेले. सुमती पोरांना खिचडी वाढत होती. मी माफीचं बोलायला तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "माफी नको, वैनी. माफी मागून तू मोकळी होशील. त्यापेक्षा ऐक."

पोरं गेल्यावर ती बोलली. शिरढोणचा तो मुलगा तिला आधीपासून माहीत होता, एस.टी.च्या थांब्यावर दोघं बोलायचे. नकार आल्यावर तो दोनदा गावात आला होता आणि तिनेच त्याला परत पाठवलं, कारण तिला वाटलं देवीच नको म्हणतेय तर आपलं प्रेमच काहीतरी पाप असेल. किती वर्षं तिला तसंच वाटत राहिलं. तिचं बोलून झाल्यावर मी मुल्ला मास्तरांचा कायदा आठवला आणि म्हटलं, "म्हंजे तुझं म्हणनं असं, सुमती, की आमच्यामुळं तुझं लग्न मोडलं आनि..."

"नाय," ती म्हणाली. "असं नाय. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ऐकलं आणि पुन्हा सांगितलं. म्हटलं, तू एकटी पडलीस. "नाय वैनी. एकटी कुठं पडले? एवढी पोरं हायत माझी. उद्या ये." तिसऱ्या दिवशी जरा जवळ गेले. चौथ्या दिवशी म्हटलं, "तुझं म्हणनं असं, की लग्न मोडलं ते एक वेळ चाललं असतं. पन आमी तुला तुझ्याच मनाला भ्यायला शिकवलं." ती हां म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. खिचडीची थाळी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "अजून थोडं राहिलंय. उद्या ये."

जन्मभर कुणाचं एक वाक्य पुरं न ऐकलेली मी, चार दिवस एका अंगणवाडीत नापास होत होते, आणि खरं सांगते, पहिल्या ओटीचा वाटला नव्हता एवढा गर्व मला त्याचा वाटत होता.

घरी आले तेव्हा हे ओट्यावर लसूण सोलत बसले होते. "झालं?" त्यांनी विचारलं.

"कसलं होतंय. उद्या परत बोलावलंय."

हे हसले. मग लसणाकडे बघतच म्हणाले, "मला तिनं अजून एकदा पन बोलावलं नाय."

"मग तुमी जा ना. दारात जाऊन बसा. नाय म्हननार हाय का ती?"

"नाय, मालू. बोलावलं तर जाईन. न बोलावनं हा पन तिचा कौल हाय. ह्याला मी अंगठा लावनार नाय."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि उरलेला लसूण सोलायला घेतला.